काझा–कुंझुम–ग्राम्फू : फोर बाय फोर घेऊन जाताना काय काळजी घ्यावी?

सह्यवाट (पुणे)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं पुण्याहून हिमाचलातल्या स्पितीला निघतोय. गाडी थार, डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी). चालवणारे दोघं, मी आणि माझी धाकटी बहीण. वरंधा, कुंभार्ली, आंबेनळी हे घाट दोघांच्याही हाताखालचे आहेत, पावसाळ्यातले धुक्यातले धरून.

मार्ग असा ठरवलाय: शिमला, सांगला, नाको, टाबो, काझा. तिथून लोसरवरून कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल सरोवराजवळ मुक्काम आणि मग बातल–छत्रू–ग्राम्फू करत अटल बोगद्यातून मनाली. काझ्यापर्यंत वाटेत गावं आहेत, माणसं आहेत, त्यामुळे त्या भागाची धास्ती नाही. खरी धास्ती लोसर सोडल्यावरची. तिथून ग्राम्फूपर्यंत मोबाइलला रेंज नाही, पंप नाही, गॅरेज नाही. रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचे व्हिडिओ पाहून आईने तर जाऊच नका म्हणून धोशा लावलाय.

लो रेंज (फोर बाय फोरचे हळू पण जोरदार गिअर) नेमकी कधी लावायची, नाला कसा पार करायचा, टायरमध्ये हवा किती ठेवायची आणि बरोबर काय न्यायचं, हे जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगावं.

घाटमाथा (कोल्हापूर)

धागा वेळेवर काढलात. सप्टेंबरचा दुसरा आठवडा चांगला आहे. पाऊस ओसरलेला असतो आणि नाल्यांचं पाणी जुलै-ऑगस्टपेक्षा बरंच उतरलेलं असतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. फोर बाय फोरमुळे गाडी पुढे जाते, थांबायला मात्र तिची काडीचीही मदत होत नाही. ब्रेक लहान मोटारीलाही चारही चाकांना असतात आणि थारलाही. ओल्या खडीवर थार जास्त वजनामुळे लवकर थांबेल असं मुळीच नाही. चढ सहज चढते म्हणून माणूस वेग वाढवतो आणि पुढच्या वळणावर उताराची खडी लागते. घात तिथे होतो. या रस्त्यावर ताशी १०–१५ किलोमीटर हाच वेग धरा. काही पट्ट्यांचं रुंदीकरण झालंय, कामही चालू असतं, पण वेळेचा हिशोब जुन्या रस्त्याप्रमाणेच करा.

आता वेळ. सगळ्यात जास्त सुरक्षितता वेळ पाळण्यात आहे, गाडीत नाही. ते नाले हिमनद्यांचे आहेत. रात्री वरचं वितळणं मंदावतं म्हणून पहाटे पाणी कमी असतं. ऊन चढलं की वाढत जातं आणि दुपारी दोननंतर संध्याकाळपर्यंत ऐन जोरात असतं. सकाळी ज्या नाल्यातून मारुती व्हॅन जाते, त्याच नाल्याच्या काठावर दुपारी चारला ट्रक उभे असतात. चंद्रताल ते बातल १४ किलोमीटर, बातल ते छत्रू साधारण ३०, तिथून ग्राम्फू १७. उजाडल्याबरोबर चंद्रताल सोडलंत तर दहाच्या सुमारास छत्रूला पोचाल. आम्ही कुणालाही घेऊन गेलो तरी या एका गोष्टीवर तडजोड करत नाही. तंबूतल्या नाश्त्याची वाट पाहायची नाही, चहा घ्यायचा आणि निघायचं.

नाल्यापाशी आलात की गाडी मागेच सपाट जागी उभी करा आणि खाली उतरा. पाच मिनिटं नुसतं पाणी बघा. जिथे पाणी फुटतंय, पांढरा फेस येतोय तिथे खाली दगड आहेत आणि बहुतेक वेळा उथळ असतं. जिथे काळसर, गुळगुळीत, गुपचूप वाहतंय तिथे खोल. पलीकडे वाट नेमकी कुठे चढते ते बघून ठेवा, कारण पाण्यात शिरल्यावर बॉनेटपलीकडचं नीट दिसत नाही. दुसरी गाडी जात असेल तर तिची चाकं कुठवर बुडतात आणि कुठे उडी घेतात तिकडे लक्ष द्या. आणि कान द्या. पाण्याखालून गडगड असा बोजड आवाज येत असेल तर प्रवाह मोठे धोंडे ढकलत नेतोय. तसा आवाज असेल तर पायीही उतरायचं नाही आणि गाडीही घालायची नाही. आवाज नसेल तर काठी घेऊन, बूट घालून, प्रवाहाकडे तोंड करून एकाने चालत अंदाज घ्यावा. पाणी गुडघ्याला लागलं की माघारी फिरायचं. बर्फाच्या पाण्यात पाय दोन मिनिटांत बधिर होतात.

गाडी घालताना लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर. गिअर काठावरच टाकून घ्या. आत शिरल्यावर क्लचला पाय लावायचा नाही, गिअर बदलायचा नाही. गती माणसाच्या भरभर चालण्याइतकी, एकसारखी. धाडकन पाणी उडवत जाणारे व्हिडिओत छान दिसतात, पण ते पाणी सरळ एअर इनटेककडे (इंजिन हवा ओढतं त्या तोंडाकडे) जातं. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने ६५० मिलिमीटर दिली आहे, फोर्स गुरखाची ७००. हे आकडे संथ पाण्याचेच समजा. वाहतं पाणी दारावर दाबतं आणि गाडी हलकी करतं, तिथे मी याच्या निम्म्यालाच थांबतो.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन तिथेच संपतं. माणसं बाहेर काढायची आणि गाडी ओढून घ्यायची. पलीकडे गेल्यावर शंभरेक मीटर ब्रेक हलका दाबत चाला, म्हणजे लायनर आणि पॅड सुकतात. पुढे उतार असेल तर हे विसरून चालणार नाही.

चाकणचा_मिस्त्री

घाटमाथा यांनी पाण्याचं सगळं सांगितलंच आहे. मी गाडीचं सांगतो, रोजचं काम आहे.

सह्यवाट, तुमची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे. म्हणजे फोर हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर) लावलं की पुढच्या आणि मागच्या चाकांना फिरवणारे दांडे (प्रॉपशाफ्ट) एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. खडी, माती, बर्फ असेल तर चाक थोडं सरकून तो फरक मोकळा होतो. कोरड्या डांबरावर तो जिरायला जागाच नाही, सगळा पीळ ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) आणि जॉइंटांवर बसतो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, आणि लिव्हर परत टू हायला (फक्त मागच्या चाकांवर) यायला नाही म्हणतो. किन्नौरचा (सांगला, नाको हा भाग) बराचसा रस्ता डांबरी आहे, तिथे टू हायच ठेवा. खडीचा पट्टा लागला की फोर हाय. लो रेंज मात्र गाडी थांबवून, न्यूट्रल करून, क्लच दाबून लावायची. आणि अडकायच्या आधी लावायची. चाक खड्ड्यात फिरून फिरून पोटापर्यंत रुतल्यावर लिव्हर ओढणारेच जास्त भेटतात.

लो रेंजचा खरा उपयोग चढापेक्षा उतारावर आहे. कुंझुमहून बातलकडे उतरताना लो रेंज, दुसरा गिअर, पाय ब्रेकवरून बाजूला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की डिस्क तापतात, पॅडला जळका वास येतो, मग ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. वास आला तर तो पहिला आणि शेवटचा इशारा समजा. रुंद जागा बघून बाजूला घ्या, चाकाला दगड लावा, अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. निघण्याआधी ब्रेक ऑइल बदलून घ्या. ते हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं. हजाराच्या आतबाहेरचं काम असतं, टाळू नका.

हवेबद्दल पुष्कळ उलटसुलट वाचायला मिळतं. गेज दाखवतो तो टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १४.७ पीएसआय असतो, पुण्यात पावणेचौदाच्या आसपास, आणि साडेचार हजार मीटरवर साडेआठच्या आसपास उतरतो. म्हणून पुण्यात ३२ भरलेली हवा वर काही न करता ३७ दाखवायला हवी. पण थंडीने आतली हवा आकसते, साडेपाच अंशाला एक पीएसआय या हिशोबाने. पुण्यातली दुपार आणि चंद्रतालची पहाट यांत तीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे पाच-साडेपाच पीएसआय तिकडे वजा. त्यामुळे पहाटे गेज पुन्हा ३२ च्या आसपासच दाखवतो आणि दुपारी तापल्यावर चढतो. माझा सल्ला असा की काझ्यात सकाळी गार टायरवर मोजा आणि खराब पट्ट्यासाठी २५–२६ ला आणा. टायर दगडावर बसतो, पकड वाढते, कापला जाण्याची भीती कमी होते. त्याखाली जाऊ नका, टोकदार दगडाने साइडवॉल फाटते. अटल बोगद्यापाशी डांबर लागलं की परत ३२ भरा. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर बरोबर हवाच.

आणि स्टेपनीची हवा तपासा. जॅक एकदा घराखाली लावून बघा, चाकाचे नट आपल्या पान्याने सुटतात का ते बघा. टायरवाले गनने इतके आवळतात की हाताने हलत नाहीत.

नवा_गडी

माफ करा, पण मला हे सगळं थोडं जास्तच वाटतंय. मनालीहून काझ्याला हिमाचल परिवहनची बस जाते. लोक अल्टो, वॅगन आर घेऊन जाऊन येतात. मग फोर बाय फोरवाल्यांनीच एवढं घाबरायचं कारण काय?

घाटमाथा

प्रश्न रास्त आहे, माफी कशाला.

बस जाते हे खरंच आहे, आणि त्या चालकांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण तो माणूस हंगामभर त्याच रस्त्यावर असतो. कालच्या पावसाने कोणता दगड सरकला, कोणत्या नाल्यात आज डावीकडून घालायचं, हे त्याला पाठ असतं. शिवाय बसची चाकं केवढी आणि वजन केवढं! जे पाणी आपल्याला ढकलतं ते तिला ढकलत नाही. छोट्या गाड्याही जातात, बहुतेक सुखरूप परततात, आणि ज्यांच्या इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला दगड लागून तेल गळतं ते बातलला दिवस दिवस बसून राहतात. फोर बाय फोरवाल्याचा धोका निराळा. त्याला वाटतं आपण अडकणार नाही, म्हणून तो दुपारी चारला निघतो.

स्थानिक बस किंवा ट्रक पुढे दिसला तर त्याच्यामागे अंतर ठेवून चाला, त्याची ओळ धरा. याहून चांगला वाटाड्या नाही.

रानजाई (नाशिक)

तुमची बहीण चालवणार हे वाचून फार बरं वाटलं. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही एक मुद्दा, ज्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

आपण उजवीकडे बसतो. दरी उजवीला असेल तर काठ आपल्या खिडकीतून दिसतो. दरी डावीला असेल तेव्हा डावं पुढचं चाक काठापासून किती आहे हे चालवणाऱ्याला अजिबात दिसत नाही, बॉनेट आणि डावा खांब मध्ये येतो. अशा वेळी समोरून ट्रक आला आणि त्याने डोंगराकडची बाजू धरली की आपण नकळत बाहेर सरकतो. त्या कडा वरून पक्क्या दिसतात, पण खाली नुसते रचलेले दगड असतात. पावसानंतर त्यातली माती निघून गेलेली असते.

म्हणून आमचा नियम असा आहे: दरी डावीला आणि समोरून मोठी गाडी, म्हणजे गाडी थांबणार. डावीकडे बसलेल्याने खाली उतरायचं, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं (गाडी आणि दरीच्या मध्ये कधीच नाही) आणि हाताने खुणा करायच्या. चालवणाऱ्याने फक्त त्या एकाच माणसाकडे बघायचं. मागून तिघं तीन सूचना देतात तेव्हा गोंधळ होतो, बाकीच्यांनी गप्प बसावं. खुणा आधीच ठरवून घ्या. मूठ म्हणजे जागेवर थांब, एवढी एक जरी सगळ्यांना पाठ असली तरी पुष्कळ. डावा आरसा थोडा खाली वळवला की मागचं चाक आणि काठ दिसतो. समोरच्याला जागा द्यायला काठाकडे सरकण्यापेक्षा शंभर मीटर मागे जाऊन रुंद जागेत थांबणं केव्हाही चांगलं. म्हणून येताना वाटेतल्या रुंद जागा मनात टिपत चला. आणि उलटी गाडी चालवायचा सराव निघण्याआधी करून घ्या, अगदी आरशांत बघून.

मुलीने गाडी काढली की ढाब्यावरचे चार लोक सल्ला द्यायला येतात. तिने ऐकून घ्यावं, पण मागे कुणी हॉर्न वाजवतंय म्हणून वेग वाढवू नये. रुंद जागा आली की त्याला जाऊ द्यायचं.

सडकवाला_निवृत्त (सातारा)

मी सीमा सडक संघटनेत होतो, हिमाचलात आणि लडाखात नोकरी झाली. ७ मे १९६० ला स्थापन झालेली ही संघटना, आणि तुमचा हा रस्ता तिच्या दीपक प्रकल्पाकडे. रस्ता दर वर्षी बर्फाखालून खणून काढावा लागतो. कुंझुम साधारण मे-जूनला उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतो. तिथे हंगामभर राहणारा मजूर बहुतेक झारखंड-बिहारचा किंवा नेपाळचा. वाटेत त्यांचे तंबू दिसतील. थांबून पुढचा रस्ता विचारा, त्यांच्याइतकी ताजी खबर कुणाकडे नसते. बरोबर थोडी फळं, बिस्किटं असली तर द्या.

रानजाई ताईंनी काठाचं अगदी बरोबर सांगितलं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट देणं हा शिष्टाचार तर आहेच, मोटार वाहन नियमांतही आहे: डोंगरी रस्ता दोन गाड्यांना पुरेसा रुंद नसेल तर उतरणाऱ्याने थांबायचं. लष्कराचा ताफा आला तर पहिल्या गाडीलाच जागा द्या आणि शेवटची गाडी जाईपर्यंत हलू नका.

आता दरडींबद्दल. तुम्हाला काझ्यापर्यंतच्या रस्त्याची धास्ती वाटत नाही असं लिहिलंत. माझं मत उलट आहे. नाला डोळ्यांना दिसतो, थांबून विचार करता येतो. किन्नौरची दरड दिसत नाही. २०२१ च्या जुलैत सांगला खोऱ्यात बटसेरीला वरून आलेल्या दगडांनी पर्यटकांची गाडी चिरडली, आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय महामार्ग ५ वर निगुलसरीला अख्खा डोंगर बस आणि गाड्यांवर आला. नाकोजवळचा मलिंग नाला तर आमच्या खात्याला वर्षानुवर्षे छळत आलाय.

रस्त्यावर ताजे, धूळ न बसलेले, कडा धारदार असलेले दगड पडलेले दिसले तर वरून अजून येणार आहेत असं धरून चाला. तिथे फोटोला, लघवीला, चहाला, कशालाही थांबायचं नाही. अलीकडेच थांबा, काच खाली करा, गाणी बंद करा, वर बघा. कुठे धुरळा उडतोय का, खडे गळतायत का? दहा मिनिटं शांत असेल तर एकेक गाडी, मधे अंतर ठेवून, न रेंगाळता पार करा. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर उशिरा निघा आणि विचारून निघा. नाल्यासाठी पहाट चांगली, दरडीसाठी रस्ता मोकळा झाल्याची खात्री महत्त्वाची.

लोसरला पोलीस चौकी आहे, तिथे गाडीची नोंद होते. गाडीचा नंबर, माणसं किती, मुक्काम कुठे हे नीट लिहा. पुढे रेंज नाही, तेव्हा तुम्ही आत आहात याचा पुरावा म्हणजे ती वही. घरी आईलाही सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही आणि अमुक दिवशी रात्रीपर्यंत मनालीहून फोन येईल.

डॉक्टर_ताई

गाडीबद्दल मी काय बोलणार, चालवणाऱ्याबद्दल बोलते.

मार्ग शिमल्याकडून धरलात हे उत्तम केलंत. शिमला २,२०० मीटर, सांगला २,७०० च्या आसपास, नाको ३,६०० च्या वर, टाबो ३,३०० च्या जरा खाली, काझा साधारण ३,८००. शरीराला टप्प्याटप्प्याने सवय होते. मनालीहून एका दिवसात कुंझुमची ४,५५० मीटर उंची ओलांडून काझ्याला जाणाऱ्यांना त्याच रात्री डोकेदुखी, उलट्या सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं स्टिअरिंगवर बसतात. शक्यतो काझ्यात दोन रात्री काढा, मगच चंद्रतालला (सुमारे ४,२५० मीटर) झोपायला जा. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा ढोबळ नियम आहे. सांगल्याहून नाको हा टप्पा त्यात बसत नाही, तेव्हा मध्ये कल्पा घ्या, म्हणजे उडी निदान थोडी कमी होते.

चालवणाऱ्यात दिसणारी लक्षणं शेजारच्याने ओळखायची आहेत. उगाच चिडचिड, जांभया, बोलण्याला उशिरा उत्तर, ब्रेक उशिरा लागणं, साध्या वळणाला हात चुकणं. असं दिसलं तर लगेच चालक बदला. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. वर असताना दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत.

विश्रांतीतही दम लागणं, खोकला थांबेनासा होणं, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच खाली उतरायचं. उजाडायची वाट पाहायची नाही, पण मग दिशा कोणती हे आधी ठरलेलं हवं. काझ्यात त्रास वाढला तर कुंझुमकडे नेऊ नका, मनाली जवळ वाटते पण आधी साडेसातशे मीटर चढावं लागतं. आधी काझ्याच्या सरकारी रुग्णालयात ऑक्सिजन द्या आणि टाबोच्या दिशेने खाली न्या. चंद्रतालला त्रास झाला तर बातल आणि पुढे छत्रूकडे, तिकडे सलग उतार आहे.

सह्यवाट

सगळ्यांचे किती आभार मानू! बहिणीने रानजाई ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि कालपासून सोसायटीच्या आवारात उलटी गाडी घेण्याचा सराव सुरू केलाय. काझ्यातली एक रात्र वाढवली आणि कल्पाही घातलं.

अजून शंका: जास्तीचं डिझेल कॅनमध्ये न्यावं का? सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो असं कुणी म्हणालं, तो घ्यावा का? आणि गाडी रुतली तर ओढण्यासाठी काय सामान?

चाकणचा_मिस्त्री

डिझेल: काझ्याचा पंप शेवटचा, तिथून मनाली दोनशे किलोमीटर. थारची टाकी ५७ लिटरची आहे. लो रेंजमध्ये ॲव्हरेज निम्म्यावर आलं तरी भरलेल्या टाकीवर चंद्रतालचा फेरा धरून आरामात जाल, कॅन नको. टपावर जड वस्तू चढवली की गाडीचा तोलही वर जातो, आडव्या उतारावर ते बरं नाही. नेणारच असाल तर धातूचा जेरीकॅन न्या आणि वर गेल्यावर झाकण हळूहळू सोडा, आत दाब साठलेला असतो.

ओढण्याचं सामान: आठ-नऊ मीटरचा रिकव्हरी स्ट्रॅप (ओढायचा पट्टा), दोन बो शॅकल (पट्टा अडकवायच्या कड्या), फावडं, जाड हातमोजे, चाकाखाली घालायला दोन ट्रॅक्शन बोर्ड. साखळी नको. आता नीट वाचा. मागे ट्रेलरसाठी लावतात तो गोल टो-बॉल, त्याला पट्टा अडकवून कधीही झटका देऊ नका. तो झटक्याने तुटला तर पट्ट्याच्या ताणासकट तोफगोळ्यासारखा सुटतो आणि काच फोडून माणसाच्या अंगावर येतो. गाडीला चासीवर कंपनीने दिलेला टो-हुक आहे तोच वापरायचा. पट्ट्याच्या मध्यावर जुनं घोंगडं किंवा जाड जाकीट टाका, म्हणजे तुटला तरी जमिनीवर पडतो. बघे लोक पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभे करा. मोबाइल काढून जवळ येणाऱ्यालाही हाकला.

पण त्याआधी फावडं. चाकापुढची माती काढली, हवा १८ पर्यंत उतरवली, बोर्ड घातला, की दहापैकी आठ वेळा ओढायची पाळीच येत नाही. बाहेर आल्याबरोबर हवा परत भरा.

सडकवाला_निवृत्त

सॅटेलाइट मेसेंजरच्या फंदात पडू नका. आपल्या देशात दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे, आणि हा सीमाभाग. लोकांना यावरून अटक झालेली आहे. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, कागदी नकाशा ठेवा, दोन गाड्या असतील तर उत्तमच.

जिम्नीवाली (ठाणे)

धागा माझ्याही उपयोगाचा. माझी जिम्नी ऑटोमॅटिक आहे. उतारावर इंजिन गाडी धरत नाही असं ऐकलंय, खरं का?

चाकणचा_मिस्त्री

मॅन्युअलइतकं धरत नाही हे खरं. पण फोर लो लावून सिलेक्टर एल किंवा टू वर ठेवलात तर चांगलं धरते. डी मध्ये उतरवू नका, गिअरबॉक्स वरचा गिअर टाकते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर आपोआप वेग धरणारी सोय) आहे, पण ते ब्रेकच वापरतं. लांब उतारावर त्याच्यावर विसंबू नका. आणि तुमचं पेट्रोल इंजिन टर्बोशिवाय आहे, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होत जाते. कुंझुमच्या चढाला निम्म्याहून थोडीच जास्त हाताशी असेल. गाडी मरगळली असं समजून घाबरू नका, लो रेंज लावा आणि सामान कमी न्या.

घाटमाथा

दोन-तीन राहिलेल्या गोष्टी.

चंद्रतालची रात्र सप्टेंबरातही शून्याखाली जाते. नाले पार करून आलेल्या गाडीचे मागचे ब्रेक लायनर ओले असतात. हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी गोठून चाक जाम होतं. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक मोकळा. सकाळी ग्लो प्लगचा (इंजिन आधी तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबून मग स्टार्टर मारा आणि पाच मिनिटं इंजिन सावकाश चालू द्या. सावलीतल्या वळणांवर रस्त्यावर आलेलं पाणी गोठून काचेसारखा थर झालेला असतो, तो ओल्या डांबरासारखा काळा दिसतो. तिथे ब्रेक नाही, स्टिअरिंग झटक्याने नाही, नुसतं गिअरवर सरळ जाऊ द्यायचं.

सरोवरापाशी गाडी न्यायची नाही. चंद्रताल २००५ पासून रामसर पाणथळ (आंतरराष्ट्रीय रामसर करारातली पाणथळ जागा) आहे, मुक्कामाचे तंबूही काही किलोमीटर अलीकडे असतात. फोर बाय फोर आहे म्हणून कुरणात चाकं घालणारे दरवर्षी दिसतात आणि मला फार वाईट वाटतं. तिथलं गवत वर्षातले चारच महिने वाढतं, एका चाकोरीचा व्रण कित्येक हंगाम भरत नाही. मेंढपाळ त्या गवतावर जगतात.

हवामान बिघडायला लागलं तर कुंझुम ओलांडू नका, काझ्यातच थांबा. २०१८ च्या सप्टेंबरात अवेळी बर्फ पडून लाहौल-स्पितीत शेकडो लोक अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. २०२३ ला तर जुलैत चंद्रतालला अडीचशेच्या वर पर्यटक अडकले होते. त्यांतही दणकट गाड्या होत्याच. मनालीहून परतीची तारीख घट्ट बांधू नका, दोन दिवस मोकळे ठेवा. ज्याला सोमवारी ऑफिस गाठायचं असतं तोच वाईट हवेत खिंड चढतो. गरज पडली तर काझा–शिमला असं आल्या वाटेने परत या.

सह्यवाट

ठरलं. दोन दिवस जास्तीचे घेतले, बहिणीने रजेचा अर्जही दिला. लोसर नऊला, कुंझुम अकराच्या आत, दुपारी चंद्रताल. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून छत्रू. ब्रेक ऑइल शनिवारी बदलतोय, चाकाचे नट घरच्या पान्याने सोडून पाहिले. दोन नट खरोखरच हलत नव्हते, पान्याला पाइप लावून सोडले आणि बेताने आवळले. आईला डॉक्टर ताई आणि सडकवाले काका यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. आता तिचं एवढंच म्हणणं आहे की मनालीहून पहिला फोन तिला.

रानजाई

छान! एक बारीकशी गोष्ट. काझ्याच्या पंपावर कधी रांग असते, कधी टँकर यायचा असतो. लोसरला नऊला पोचायचं तर सकाळी पंपावर वेळ घालवता येणार नाही. पोचल्या दिवशीच संध्याकाळी टाकी भरून ठेवा.